आरंभ शेजारच्या विभागापासून

जगातली प्रत्येक सुधारणा मुळात चांगलीच असते. वाद असतो तो ती कोणाच्या खोलीतून सुरू करायची, एवढ्यापुरताच. घडीच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीने या तत्त्वाचे इतक्या निष्ठेने पालन केले की, तिची हकीकत आदरपूर्वक नोंदवून ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

कंपनीने नवे व्यवस्थापन सॉफ्टवेअर विकत घेतले होते. खुर्चीच्या स्क्रूपासून शिपायाच्या रजेपर्यंत सगळा कारभार आता त्यातून चालणार होता. ते लागू कसे करायचे हे ठरवण्यासाठी ‘अंमलबजावणी धोरण समिती’ नेमण्यात आली आणि तिच्या अध्यक्षपदी तक्रार विभागाच्या प्रमुखांची एकमताने निवड झाली. (निवडीच्या दिवशी ते सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. या कंपनीची जुनी रीत अशी की, बैठकीला जो गैरहजर असेल त्याच्यावर सर्वांचा पूर्ण विश्वास असतो.)

त्यांना सगळे तक्रारकाका म्हणत. आयुष्यभर मोडक्या खुर्च्यांवरून लोकांची बोलणी खाल्ल्यामुळे कोणी काहीही म्हणाले की, “हो, बरोबर आहे तुमचं,” असे त्यांच्या तोंडून आपोआप निघे. अध्यक्षाला याहून वेगळी पात्रता लागते असे कंपनीला वाटले नाही.

काकांना मात्र अध्यक्षपद नको होते, रजा हवी होती. दूरच्या गावी त्यांच्या एकुलत्या एक लेकीचे दिवस भरत आले होते. काकू आधीच तिच्याकडे जाऊन बसल्या होत्या. पंधरा दिवस मिळाले असते तरी काकांचे भागणार होते. पण समिती नेमली त्याच दिवशी जुन्या सॉफ्टवेअरमधल्या कर्मचाऱ्यांच्या नोंदी गोठवल्या गेल्या. जुन्यात नवी नोंद करायची नाही, आणि नव्यात ती अजून करता येत नाही. त्यामुळे या मधल्या काळात रजेवर जाणे, आजारी पडणे किंवा निवृत्त होणे कोणालाही शक्य राहिले नाही. (लेखा विभागातल्या एका गृहस्थांचा निवृत्तीनिमित्त सत्कारही होऊन गेला होता. पण नोंद नाही म्हणून पेन्शन नाही, आणि पेन्शन नाही म्हणून सत्कारात मिळालेले घड्याळ मनगटावर बांधून ते रोज वेळेवर कामावर येत.) बरे, न सांगता निघून जावे, तर तीन दिवसांच्या गैरहजेरीनंतर जुने सॉफ्टवेअर नाव आपोआप कापत असे. नाव कापायला नोंद लागत नव्हती, परत जोडायला मात्र लागत होती.

म्हणजे आधी धोरण, मग रजा आणि मग नातवंडाचे तोंड. काका कंबर कसून कामाला लागले.

पहिल्या बैठकीत सल्लागाराने भिंतीवर चित्रे दाखवून चार मार्ग समजावले. त्याचा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि तो तासावर पैसे घेत असल्याने फार सावकाश बोलत असे. एक, एका सोमवारी सगळ्या कंपनीने एकदम उडी मारायची. दोन, एकेक विभाग टप्प्याटप्प्याने घ्यायचा. तीन, जुने आणि नवे काही काळ शेजारी शेजारी चालवायचे. चार, एका विभागावर प्रयोग करायचा आणि तो जगला तर पुढे जायचे.

“एकदमच करून टाका!” उत्पादनप्रमुख टेबलावर हात आपटून म्हणाले. “उगाच घोंगडं भिजत ठेवण्यात अर्थ नाही. फक्त उत्पादन तेवढं वगळा, आमचा सीझन आहे.”

खरेदीप्रमुख बाई टप्प्याटप्प्याच्या बाजूच्या होत्या. “आमचा टप्पा शेवटी ठेवा. बाकीच्यांच्या चुका बघून शिकायला मिळेल आम्हाला.”

विक्रीप्रमुखांना जुने आणि नवे शेजारी शेजारी चालवण्याची कल्पना पसंत पडली. त्यांनी चालवायचे जुने, शेजाऱ्यांनी नवे.

तिघांनाही काका म्हणाले, “हो, बरोबर आहे तुमचं.” आणि खरोखर तिघांचेही बरोबर होते, हीच तर अडचण होती.

शेजारी शेजारी चालवण्याचा मार्ग महिनाभर करूनही पाहिला. महिनाअखेर गोदामात किती खुर्च्या आहेत याचा आकडा दोन्ही सॉफ्टवेअरनी दिला, आणि दोन्ही आकड्यांचे एकमेकांशी नातेगोते नव्हते. गोदामात जाऊन खुर्च्या मोजाव्यात अशी सूचना कोणीतरी केली. पण मोजणे ही तिसरी पद्धत ठरते आणि तिला मंजुरी नाही, या मुद्द्यावर ती फेटाळण्यात आली. अखेर दोन आकड्यांची सरासरी काढून तेवढ्या खुर्च्या आहेत असे मानण्याचे ठरले. त्यात अर्धी खुर्ची येत होती. ती तक्रार विभागाकडे वर्ग केली.

राहता राहिला चौथा मार्ग. प्रयोग कोणत्या विभागावर करावा यासाठी समितीने पाहणी केली. सॉफ्टवेअर उत्तम आहे असे शंभर टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितले. ते आपल्या शेजारच्या विभागासाठी अतिशय योग्य आहे, असेही शंभर टक्क्यांनीच सांगितले. (एवढे मतैक्य कंपनीत पूर्वी फक्त चहा पुचाट असतो या विषयावर झाले होते.)

या पाहणीवर चर्चा चालू असतानाच काकांचा फोन वाजला.

“अहो, मुलगी झाली!” काकू पलीकडून इतक्या मोठ्याने बोलत होत्या की, समितीच्या कामकाजात त्याची नोंद घ्यावी लागली. “दोघी छान आहेत. नाक अगदी तुमच्यावर गेलंय हो पोरीचं. कधी निघताय?”

काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्यांना त्या क्षणी सगळे सोडून स्टेशनवर धावत सुटावेसे वाटले. पण निवृत्तीला चार वर्षे उरलेला माणूस पेन्शन मागे टाकून धावू शकत नाही. समितीने त्यांच्या अभिनंदनाचा ठराव एकमताने मंजूर केला. हा समितीचा पहिलाच निर्णय होता आणि त्याची अंमलबजावणी टाळ्या वाजवून लगेच, सर्व विभागांत एकदम करण्यात आली.

त्या संध्याकाळी काकांना युक्ती सुचली. कोणताच विभाग पहिला व्हायला तयार नसेल, तर ज्याला नाही म्हणता येणार नाही असा नवा विभाग काढावा. मोठ्या साहेबांनी मान डोलावली आणि जिन्याखाली, परत आलेल्या मोडक्या खुर्च्यांच्या खोलीत, ‘प्रारंभ विभाग’ सुरू झाला. त्याला काम नव्हते, त्यामुळे कामात अडथळा येण्याची भीती नव्हती. त्यात एकच माणूस नेमला, घड्याळवाले निवृत्त गृहस्थ. नवे सॉफ्टवेअर तेवढ्या विभागापुरते सुरू केले.

निकाल डोळे दिपवणारे होते. ऑर्डर शून्य, चुका शून्य, तक्रारी शून्य. गृहस्थांनी सहज म्हणून आठ दिवसांच्या रजेसाठी बटण दाबले, तर रजा तिथल्या तिथे मंजूर झाली. ते गेल्यावर विभाग रिकामा झाला आणि सॉफ्टवेअर आणखीच सुरळीत चालू लागले. सल्लागाराने अहवालात ‘ऐतिहासिक’ हा शब्द दोनदा वापरला.

जिन्याखाली रजा मिळते ही बातमी दुपारच्या डब्याच्या वेळेत सगळीकडे झाली. दुसऱ्या दिवसापासून बदलीसाठी रांग लागली. उत्पादनप्रमुखांना दोन वर्षांपासून राहिलेले लग्न आटपायचे होते (मुलाचे, त्यांचे नव्हे). खरेदीच्या बाईंची पाठ धरली होती. विक्रीप्रमुखांना काहीच कारण नव्हते, पण सगळे चालले म्हणून तेही निघाले. माणसांची बदली करण्याची सोय होती, कामाची बदली करण्याची नव्हती, त्यामुळे कामे आपापल्या जुन्या जागी राहिली आणि माणसे जिन्याखाली आली. भिंत पाडून खोली वाढवली. शेवटी मोठे साहेबही आपली खुर्ची घेऊन आले. सॉफ्टवेअर शंभर टक्के कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचल्याचे जाहीर झाले आणि पेढ्यांऐवजी बिस्किटे वाटली, कारण पेढे आणायचे काम खरेदी विभागाचे होते आणि त्या विभागात आता कोणी नव्हते.

शंभर टक्के म्हणजे एक सोडून. काकांनीही बदली मागितली होती.

“तुम्हाला कसं येता येईल, काका?” सल्लागार हळहळून म्हणाला. “तुम्ही अध्यक्ष. निःपक्षपाती नको का राहायला? शिवाय तुलनेसाठी जुन्यात एक तरी माणूस पाहिजे. आणि तुमचा फोन कोण उचलणार?”

फोनचे म्हणणे खरे होते. गोदामातल्या खुर्च्या अजून विकल्या जात होत्या आणि मोडतही होत्या. बाकी सगळी टेबले ओस पडली होती, एक काकांचाच फोन सारखा वाजत होता. फोनवर पंधरा दिवस दुसरे कोणी बसले, तर काकांची हजेरी लागलेली दाखवू, अशी सवलत साहेबांनी दिली. मुळात मन मोठे होते त्यांचे.

काका जिन्याखाली गेले. “पंधराच दिवस,” ते सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले. “पोरीला अजून मांडीवर घेतलं नाही हो मी.”

सगळ्या खोलीला भरून आले. “जायलाच पाहिजे, काका!” उत्पादनप्रमुख म्हणाले. “पहिली नात! मी बसलो असतो, पण माझा आवाज चढतो. या बाईंना सांगा, त्यांना गोड बोलता येतं.” बाईंनी विक्रीप्रमुखांचे नाव सुचवले, कारण बोलणे हा त्यांचाच धंदा. विक्रीप्रमुखांनी घड्याळवाल्या गृहस्थांचे सुचवले, कारण त्यांना वेळच वेळ. गृहस्थांनी घड्याळाकडे पाहून मोठ्या साहेबांचे सुचवले. साहेब गंभीर झाले आणि म्हणाले की, असा नाजूक विषय अध्यक्षांनीच हाताळावा.

“हो,” काका म्हणाले. “बरोबर आहे तुमचं.” आणि फोन वाजला म्हणून वर गेले.

नात आता बसायला लागली आहे. मोबाईलवर काका दिसले की ती पडद्याला नाक लावते आणि काका इकडून आपले नाक लावतात. तेवढ्यात दुसरा फोन वाजतो आणि त्यांना नाक मागे घ्यावे लागते. त्यांची बॅग टेबलाखाली भरून तयार आहे. वरच बाळाचे एक लोकरीचे टोपडे ठेवले होते. ते आता बाळाला होणार नाही, हे काकांना ठाऊक आहे, पण काढून ठेवायला हात होत नाही.

तुम्ही इथवर वाचलेत, म्हणजे तुमचे मन हळवे आहे. काकांना जायला मिळायला हवे होते असे तुम्हालाही वाटले असणार. जागा चांगली आहे, खिडकी आहे, फोन उचलून दोन गोड शब्द बोलायचे, बस. पंधराच दिवस. बसाल?

हो, बरोबर आहे तुमचं. तुमच्या मागे कामे असणारच. पण तुमच्या शेजारी कोणीतरी असेल ना? तेवढे नाव द्या.