चहाआधीची गोळी

जिन्यात कुणीतरी मांड्या आवळून धरतं, असं गंगाधरराव सांगू लागले तेव्हा कालिंदीने त्यांच्यावरून लिंबू उतरवून टाकलं.

"अहो, कुणीतरी म्हणजे कोण?"

"दिसत नाही गं. घरात आलो तरी सोडत नाही."

त्यात तो कावळा. रोज सकाळी गंगाधरराव थायरॉईडची गोळी घेऊन खिडकीशी गेले की ग्रिलवर येऊन बसायचा आणि एकटक त्यांच्याकडेच बघायचा. कालिंदीच्या पोळीला शिवायचासुद्धा नाही.

"आईच आहेत," कालिंदी कुजबुजली. "काहीतरी राहिलंय त्यांचं."

"कावळा आहे तो. आई कसली!"

तो कशासाठी येतो, हे गंगाधररावांना पक्कं ठाऊक होतं. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि तासभर चहा नाही, असा डॉक्टरांचा नियम. चहाबरोबर घेतली तर वाया जाते म्हणे. वायाच जायची तर पोटात कशाला, म्हणून ते ती ग्रिलबाहेर टाकत आणि "केव्हाच घेतली!" म्हणत कपासाठी हात पुढे करत. रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी मात्र इमानाने घेत. तिला चहाचं वावडं नव्हतं.

सर्वपित्रीच्या सकाळी त्यांना लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. ते घाबरले आणि गप्प बसले.

दुपारी कालिंदीने गॅलरीत पान ठेवलं. कावळा लगेच उतरला. तिने हात जोडले.

"आई, काय राहिलंय ते सांगा, पण यांचे पाय सोडा."

कावळ्याने वड्याकडे पाहिलंही नाही. मान वाकवली, चोच उघडली आणि भातावर एक लहानशी पांढरी गोळी ठेवली.

कालिंदीच्या अंगावर काटा आला. रोज पाकिटातून ती गोळी तीच काढून द्यायची.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "ही आईंना कुठे मिळाली?"

गंगाधररावांनी गोळीचं सांगितलं, लघवीचंही सांगितलं.

"थायरॉईड कमी असताना कोलेस्टेरॉलची गोळी स्नायूंना जास्त बाधू शकते," रिपोर्ट बघून डॉ. सुमेधा म्हणाल्या. "तुमचे स्नायू झिजून रक्तात उतरतायत आणि मूत्रपिंडांत अडकतायत. आणखी थांबला असतात तर डायलिसिसच."

"म्हणजे जिन्यात कोणी नव्हतं?"

"तुमचेच पाय होते."

सलाईनवर मूत्रपिंडं वाचली. कोलेस्टेरॉलची गोळी बंद झाली. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी थायरॉईडची गोळी मुकाट्याने गिळली. कालिंदी आंघोळीला गेली तसा त्यांनी हळूच कपात चहा ओतला आणि ओठांशी नेला.

टक.

ग्रिलवर कावळा. नजर कपावर.

गंगाधररावांनी कप खाली ठेवला, वर बशी झाकली.

"अजून वेळ आहे," ते पुटपुटले, "माहितीये, आई."