तात्यांच्या ट्रकची चार मिनिटं

"इंजिन म्हणजे काय हो? नट उलटे फिरवून खोलायचं, सुलटे फिरवून बसवायचं! मधे थोडं पुसून घ्यायचं!"

गेल्या डिसेंबरात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर, ड्युटीत चहा पिता पिता मी हे जाहीर केलं. ऐकणाऱ्यांपैकी एकही जण हसला नाही. हसले असते तर मी तिथंच गप्प बसलो असतो!

ट्रक माझ्या वडिलांचा, तात्यांचा. तीस वर्षं त्यांनी तो सांगलीच्या हळदीची पोती भरून चालवला. आता सहा वर्षं तो फलटणजवळच्या आमच्या घरापुढं लिंबाखाली उभा होता. तात्यांची नजर गेली. मागच्या वर्षी आई गेली आणि त्यांनी बोलणंच सोडलं. स्टँडवर कुणीतरी विसरून गेलेल्या ट्रंकेसारखे खाटेवर बसून असायचे.

एक दिवस अचानक म्हणाले, "जोतिबा, तिचा आवाज एकदा ऐकायचा हुता रं."

मला आईची आठवण येऊन रडूच फुटलं.

"रडतुयास कशाला? सहाच वर्सं उबी हाय. फार तर इंजिनाच्या रिंगा गेल्या असतील!"

मग काय, घेतलं काम! पण हंगाम ऐन भरात. रजा मागितली तर साहेब म्हणाले, "ऊस रजेवर जातो का?" म्हणून ड्युटी सांभाळून सकाळचे दोन-तीन तास. सुटे भाग सांगलीच्या जुन्या बाजारातले. मेस्त्री मिरजेचा बिराप्पा, तोही फक्त फोनवर, कारण प्रत्यक्ष बिराप्पा माझ्या खिशाला झेपणारा नव्हता.

सहा पिस्टन काढले, त्यांच्यावर खडूनं नंबर घातले आणि ड्युटीवर गेलो. परत येतो तर माझ्या बायकोनं, अंकितानं, ते सोड्यानं घासून चांदीच्या पेल्यांसारखे उन्हात मांडलेले!

"आवं, केवढे काळे झालते!"

नंबर पार धुऊन निघाले होते. बिराप्पाला फोन लावला. तो म्हणाला, "ज्या सिलेंडरचा त्यालाच बसाय पायजे. न्हाईतर आता मीठ लावून वाळवा."

"आण हिकडं," खाटेवरून तात्या म्हणाले. एकेक पिस्टन मांडीवर घेऊन बोटं फिरवू लागले. "ह्यो तिसरा. माज्याच हातनं छिन्नी बसलीती ह्याला. ह्यो पाचवा. ह्यो सवता ठेव, ह्यो पैला." सहाच्या सहा लावून दिले! आई गेल्यापासून ते एवढं कधी बोलले नव्हते. त्या दिवसापासून रोज बोलायला लागले. म्हणजे मला शिव्याच द्यायचे. पण काय गोड वाटायच्या सांगू!

सव्वा महिन्यानं इंजिन जोडून झालं. बॅटरी, डिझेल, पाणी, सगळं झालं. शेवटचं इंजिनातलं तेल राहिलं. सकाळी मोटारसायकलीला डबा बांधून आणला. उतरतोय तोच साहेबांचा फोन, "काटा बंद पडलाय! रांग रस्त्यावर गेलीय! आत्ता या!" तसाच गाडी वळवून निघालो.

तात्यांना धीर कुठला? त्यांनी अंकिताला विचारलं, "तेल आणलं का त्यानं?"

"आणलं की!" अंकिता म्हणाली. खोटं काय होतं त्यात?

तिनं तात्यांना हात धरून केबिनमध्ये चढवलं.

इकडे मी काटा चालू करून खुर्चीत टेकतो तोच तिचा फोन. "आवं, ऐका! ऐका!"

आणि मी ऐकलं. तीच घरघर! तिच्या वरून तात्यांचं हसणं. माझ्या अंगावर काटा आला. तीन-चार मिनिटं मी डोळे मिटून ऐकतच राहिलो. डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर माझी मोटारसायकल दिसली. मागं तेलाचा डबा. तसाच बांधलेला.

"बंद कर!" मी ओरडलो. "इंजिन बंद कर! आत्ताच्या आत्ता!"

माझ्या कोपराखाली गाड्यांचे नंबर पुकारायच्या माइकचं बटण दाबलं गेलं होतं. कारखान्याच्या चारही भोंग्यांतून माझा आवाज घुमला आणि रांगेतल्या चाळीस ट्रॅक्टरांनी एका झटक्यात इंजिनं बंद केली! अख्ख्या यार्डात चिटपाखरूही बोलेना. त्या शांततेत फोनमधून मला आमचं इंजिन नीट ऐकू आलं. एकदा किंचाळलं. मग थांबलं.

घरी गेलो. तात्या अजून केबिनमध्येच. हात स्टेअरिंगवर.

"तीस वर्सांत मला जाम कराया जमली न्हाई," ते म्हणाले, "तुला चार मिन्टांत जमली."

पुढं दोन दिवस एक अक्षर नाही. शिवीसुद्धा नाही. घर कसं खायला उठलं होतं. रांग बंद पाडल्याबद्दल कारखान्याची नोटीस आली, तीही मी ताटासमोर बसून वाचली आणि बाजूला ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून आवाज आला, "खोल परत."

"तात्या, क्रँकच गेलाय. न्हाई व्हायचं आता."

"मग दिवसभर मी काय करू?"

मी पान्यांची पिशवी आणली आणि ट्रकखाली सरकलो. कुठला पाना लागतो, ते मात्र त्यांनाच विचारावं लागलं.