मोठ्या जावयांचा हात

सासूबाई मागच्या सीटवर बसल्या, बायको पुढे बसली आणि त्याने किल्ली फिरवली. गाडी नुसती कर्रकर्र करत राहिली, सुरू काही होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी साडेदहाची वेळ दिली होती.

"दाजींना बोलावू का?" बायकोने विचारलं.

झालं, त्याच्या पोटात दुखायला लागलं. दाजी म्हणजे त्याचे साडू, सासूबाईंचे मोठे जावई, दोन गल्ल्या सोडून राहणारे. त्यांनी कधीतरी मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून सासरी त्यांच्या हातगुणाचे गोडवे. परवा तर सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या गाडीचं इंजिन कसं आरशासारखं आहे." ह्याच्या गाडीत आठ वर्षं बसूनही त्यांना कधी असं काही सुचलं नव्हतं.

"काही गरज नाही," तो म्हणाला. "दहा मिनिटं द्या."

बॉनेट उघडून त्याने मेकॅनिकला फोन लावला.

"टक् होतंय की कर्र?"

"कर्र."

"मग बॅटरी चांगली आहे. प्लग काढून बघा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, ओला असेल तर करंट."

प्लग ओला निघाला. तो पुसून परत बसवला आणि करंटचा माग काढत तो कॉइलपाशी पोचला. तिथली वायर निघून लोंबत होती. काल साडूंवर कडी करायची म्हणून ह्यानेच अर्धा तास इंजिन घासलं होतं, तेव्हाच ती निघाली असणार. इकडेतिकडे बघत त्याने ती गुपचूप खोचली.

बॉनेट खाली केलं, तर ड्रायव्हरच्या सीटवर साडू. बायकोने मेसेज केलाच होता. त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली.

"बघा," सासूबाई म्हणाल्या, "नुसता हात लावला."

"नाही हो आई, मी काहीच केलं नाही," साडू म्हणाले.

"आणि वर गर्व म्हणून नाही."

त्याला राहवेना. "वायर निघाली होती. मी लावली."

"असं?" साडूंनी कुतूहलाने मान बाहेर काढली. "ती आपोआप नाही निघत. कुणी आत हात घातला होता का?"

बायको त्याच्याकडे बघायला लागली. काल इंजिन घासताना तिची चांगली साडी त्याने फडकं म्हणून घेतली, हे तिला अजून माहीत नव्हतं.

"निघाली नव्हती तशी," तो घाईने म्हणाला. "जरा सैल होती. खरं म्हणजे तुमच्या किल्ली फिरवण्यातच काहीतरी आहे."

सासूबाईंनी सरकून त्याला मागे जागा करून दिली. "आज पहिल्यांदाच मोकळ्या मनाने कुणाचं कौतुक केलंत, जावईबापू."