फ्रिजमधली गार बाटली

"आधी मुरंबा, मग तुमचे प्रश्न," प्रयोगशाळेतल्या मदतनीस पर्सिदामावशींनी परीक्षकांना दारातच अडवले. नोवी साद शहरात पाहुण्याला चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी दिल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. मावशींनी हा नेम प्रयोगशाळेतही सोडला नव्हता.

परीक्षक डॉ. वेलिझारांनी पाण्याचा घोट घेतला, भुवया उंचावल्या आणि यजमानांचा मान म्हणून पेला संपवला. नेवेंकाच्या संशोधनाला आणखी तीन वर्षे मिळणार की टाळे लागणार, हे त्यांच्या सहीवर होते.

नेवेंकाचे म्हणणे असे, की कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांवर तिने चढवलेला लेप इतका मवाळ, की ते पेशीच्या पडद्याला चिकटतात, पण तो फाडत नाहीत. पुराव्यासाठी तिने त्या पडद्यासारखेच चिमुकले फुगे केले होते. त्यांच्या आत गोड पाणी. बाहेरही तितकेच गोड असले की फुगे खुशाल. फ्रिजमधल्या बाटलीतल्या पाण्यात कण मिसळून तिने ते फुग्यांवर सोडले.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिला फुगा टम्म झाला आणि फुटला. मग दुसरा. मग सगळेच.

"याला चिकटणं म्हणतात होय?" डॉक्टर म्हणाले.

"अहो, सकाळपर्यंत शहाण्यासारखे वागत होते!" नेवेंका रडकुंडीला आली. "मावशी, फ्रिजला हात लावलात?"

"छे गं! साहेबांना तेवढं गार पाणी दिलं. बाटली रिकामी दिसू नये म्हणून नळाखाली भरूनही ठेवली. इतकी का मी बेशिस्त?"

"मावशी, ते साखरेचं पाणी होतं!"

"मग पाहुण्याचं तोंड गोडच झालं की!"

नेवेंकाने मान खाली घातली. "चूक आमचीच, डॉक्टर."

"थांबा. आता कण न घालता नुसतं नळाचं पाणी सोडा बघू."

साधे पाणी आत शिरले आणि फुगे पुन्हा पटापट फुटले. मग तिने ताजे गोड पाणी करून त्यातून कण सोडले. फुगे जागच्या जागी राहिले. प्रत्येकाला कणांची निळी, चमकती कड.

डॉक्टरांनी फाईल उघडली. "खरं सांगू? नकार मी घरूनच लिहून आणला होता. कण नसताना फुगे कशानं फुटतात, हे तुम्ही कधी पाहिलंच नव्हतं." त्यांनी नकाराची ओळ खोडली. "आज पाहिलंत. आता ही तपासणी कुणाच्या नावावर लिहू?"

नेवेंकाने मावशींकडे पाहिले.

"लिहा, पर्सिदा," मावशी एप्रन सारखा करत म्हणाल्या. "आणि खाली बारीक अक्षरात, पेलेही तीच विसळते."