भुताची बोली

‘अवसेची अवंतिका’चा पहिला खेळ सुरू झाला, तेव्हा मनोहरराव टॉकीजच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभे होते आणि लोक कधी किंचाळतात याची वाट पाहत होते. चित्रपटाचे निर्माते तेच, दिग्दर्शक तेच आणि हिरोही तेच. इतवारीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नांत फोटो काढता काढता कधीतरी त्यांच्या डोक्यात सिनेमा शिरला आणि बहात्तर सालच्या हिवाळ्यात त्यांनी काटोलजवळ एका मित्राच्या संत्र्याच्या बागेत भुताचा पिक्चर काढून हातावेगळा केला. तो पडला, तर जन्मभर ‘नवरदेव, हनुवटी जरा वर’ म्हणत मांडवामांडवांतून हिंडायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टॉकीजचे मालक भैयाजी यांनी सांगूनच ठेवलं होतं की रविवारपर्यंत पब्लिक घाबरली नाही, तर सोमवारी दुसरा पिक्चर लागणार.

कथा साधी होती. अवंतिका नावाची बाई विहिरीत पडते, नवऱ्याला हाका मारमारून मरते. पुढच्या जन्मी तोच नवरा त्याच बागेत येतो आणि अवंतिकेचं भूत त्याला नावानं हाक मारतं. हिरोला स्वतःचंच नाव द्यायचा मोह मनोहररावांना काही आवरला नव्हता. भुताचं काम पुष्पलता नावाच्या नाटकातल्या नटीनं झकास केलं; पण आवाज भरायची वेळ आली तेव्हा ती लग्न करून बिलासपूरला निघून गेली होती. भुताच्या तोंडावर पहिल्यापासून शेवटपर्यंत केस, त्यामुळे ओठ जुळवायची कटकटच नव्हती. मनोहररावांनी आपल्या बायकोला, अनुसयाबाईंना, माइकपुढे उभं केलं. तुम्ही खोलीत असले तर मला लाज वाटते, असं म्हणून बाईंनी त्यांना बाहेर घालवलं. यंत्रावर बसलेल्या बंगालीबाबूंना मराठीचा गंध नव्हता. आवाज स्वच्छ आला, की त्यांचं काम झालं. पुढची सगळी जोडाजोड मुंबईला झाली आणि प्रिंट आदल्या संध्याकाळी पार्सलनं आली. थोडक्यात, आपलं भूत काय बोलतं, हे मनोहररावसुद्धा आज पहिल्यांदाच ऐकणार होते.

पडद्यावर अवस पसरली. शेगडीचा धूर विहिरीभोवती फिरू लागला. कंदील घेऊन मनोहर काठाशी आला. कागदावर इथे ‘मनोहर, मनोहर, इकडे ये’ असं लिहिलेलं होतं. विहिरीतून खोल, थकलेला आवाज आला.

“अहो... आयकून राहिले का जी?”

मग तिसऱ्या रांगेत डुलकी लागलेला एक गृहस्थ दचकून उठला आणि “हो हो, आलो” म्हणत चप्पल शोधू लागला. त्यानंतर जे हसू फुटलं, ते मध्यंतरापर्यंत थांबलं नाही.

मध्यंतरात मनोहरराव मफलरीत तोंड लपवून चहाच्या ठेल्यापाशी उभे राहिले आणि लोकांची मतं ऐकू लागले. सावनेरच्या खाणीतला एक कामगार म्हणत होता, की भूत काही वाईट नाही, पण फार ओळखीचं वाटतं. कवटी म्हणून जी ठेवली होती ती लवकी, म्हणजे दुधी भोपळा आहे, यावर बायकांचं एकमत होतं. काटोलच्या एका बागाईतदाराला तर सिनेमाचं काही देणंघेणंच नव्हतं.

“भूत राह्यते त राहू द्या,” तो तळमळून सांगत होता, “पण झाडाले डिंक्या रोग लागला न् मालक निरा कंदील घिऊन हिंडून राहिला. त्याले कोणी सांगत काहून नाही?”

भैयाजींनी मनोहररावांना कोपऱ्यात घेतलं. “मनोहरराव, ये हॉरर है की क्या है? पब्लिक भुताले ‘ओ’ देऊन राहिली.”

मनोहरराव तडक घरी गेले. अनुसयाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. नाव लिहून दिलं असताना ते का घेतलं नाही, असं त्यांनी शक्य तितक्या शांतपणे विचारलं.

“तुमचं नाव घिऊ मी?” बाईंच्या हातातलं सूप थांबलं. “तेही परक्या माणसापुढं?”

“तू नाही वं, भूत घेते नाव. अवंतिका घेते.”

“पण तोंड त माहंच होतं ना जी. अन् पडद्यावर तुम्ही उभे. मंगळागौरीले उखाण्यात घेतो तेवढं पुरे.”

मनोहररावांनी रात्रभर डोकं खाजवलं आणि शनिवारी सकाळी ऑपरेटरला गळ घातली, की भूत तोंड उघडेल तेव्हा आवाज बंद करायचा. मुकं भूत बोलक्या भुतापेक्षा भयानक वाटेल, असा त्यांचा हिशेब.

हिशेब चुकला. शुक्रवारचे प्रेक्षक घरोघरी जाऊन बोलले होते, आणि शनिवारची गर्दी खास भुताची बोली ऐकायला आली होती. मनोहर विहिरीशी आला, आवाज गप्प झाला, आणि बायकांच्या बाकांवरून शेकडो तोंडांनी एका सुरात हाक उठली, “अहो, आयकून राहिले का जी?” मग पुरुषांनी आरडाओरड केली, की भुताचा आवाज द्या नाहीतर पैसे परत करा. भैयाजी जिने चढून धापा टाकत ऑपरेटरच्या खोलीत गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं आवाज सोडला.

रविवारी दुपारच्या खेळाला पाचपावलीतल्या विणकरांच्या बायका आल्या. त्यांच्या पुढे रंभाबाई होत्या. दिवसभर मागाच्या खडखडाटावर बोलायची सवय, त्यामुळे त्यांचा आवाज टॉकीजच्या बाहेरही पोचत असे. या बायका हसल्या नाहीत. भुतानं हाक मारली, की त्या एकमेकींकडे पाहून माना हलवत होत्या. शेवटी मांत्रिकाच्या सांगण्यावरून हिरोनं अवंतिकेला पिंपळाला खिळा ठोकून बांधलं आणि ती “बरं, येतो मी” म्हणून विरून गेली, तेव्हा बायकांत मुसमुस सुरू झाली. दिवे लागले, तरी एकही बाई जागची उठली नाही. बाहेर पुढच्या खेळाची गर्दी दार ठोठावू लागली.

भैयाजी हात जोडून विनवण्या करू लागले. तेवढ्यात मफलर सरकली आणि मागच्या भिंतीशी उभा असलेला हिरो कुणाच्या तरी नजरेस पडला. मनोहररावांना बायकांनी असं घेरलं, की त्यांना आपल्या पिक्चरमधला एकही प्रसंग इतका भीतिदायक वाटला नव्हता.

“काहून जी,” रंभाबाई म्हणाल्या, “ती बाई दोन जन्म तुमाले आदरानं हाका मारून राहिली. तुम्ही एक डाव ‘हो’ नाही म्हणलं. वरून खिळा ठोकला?”

मनोहरराव म्हणाले, की भुतांच्या बाबतीत तशी पद्धत असते. रंभाबाई म्हणाल्या, पद्धत गेली खड्ड्यात, त्या बाईचं काय चुकलं ते सांगा. मनोहररावांनी खरोखर विचार केला, तर काहीच चुकलेलं नव्हतं. कथा त्यांनी स्वतःच लिहिली होती, आणि हे त्यांच्या आज ध्यानात येत होतं.

तडजोड भैयाजींच्या साक्षीनं झाली. खिळ्याचा भाग काढून टाकायचा. पिक्चर हाकेवर थांबवायचा. पण मग हाकेला उत्तर कोण देणार? पडद्यावरचा मनोहर तर कंदील धरून गप्पच. तेव्हा ठरलं, की हिरोनं जातीनं पडद्यापुढे उभं राहायचं आणि उत्तर द्यायचं. एवढं कबूल करून घेऊनच बायका उठल्या.

संध्याकाळच्या खेळाला जागा मिळेना. खुर्च्यांच्या मधल्या वाटेतही माणसं बसली. दुपारी बाहेर पडलेल्या रंभाबाई थेट इतवारीत मनोहररावांच्या घरी गेल्या होत्या आणि ‘पिक्चर मले नाही पाहावत’ म्हणणाऱ्या अनुसयाबाईंना घेऊन पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मनोहररावांना याचा पत्ता नव्हता.

शेवटची हाक आली. “अहो, आयकून राहिले का जी?” पिक्चर थांबला, दिवा लागला, आणि हिरोचाच कोट घालून मनोहरराव पडद्यापुढे आले. दोन्ही हात जोडून ते पडद्याकडे वळले.

“हो,” ते म्हणाले, “आयकून राहिलो.”

शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. टाळ्या ओसरता ओसरता पहिल्या रांगेतून तोच आवाज आला, जो आत्ता विहिरीतून आला होता.

“मंग घरी काहून नाही आयकत जी?”

सगळं टॉकीज त्या दिशेला वळलं. केस नीट विंचरलेलं, कुंकू लावलेलं, हातात पिशवी धरलेलं साक्षात भूत तिथे बसलं होतं. लोकांना कळायला वेळ लागला नाही. आता हिरो काय म्हणतो, हे हजार कान लावून सगळे ऐकत होते. कागदावर लिहिलेलं वाक्य एव्हाना संपलेलं होतं. पण का कोण जाणे, घरी आपण ऐकत नाही, हे भर सभेत कबूल करायला मनोहररावांना बरंच वाटलं.

“आयकीन,” ते म्हणाले.

लोक खुर्च्यांवर उभे राहिले. पुरुषांच्या बाकांवरच्या टाळ्या जरा जास्तच घाईनं सुरू झाल्या, कारण प्रत्येकाची बायको पलीकडच्या बाकांवरून पाहत होती. भैयाजी धावत पडद्यापुढे आले आणि त्यांनी जाहीर केलं, की सोमवारचा पिक्चर गेला भाड में, अवंतिका हलणार नाही. पुढे ती इतके दिवस हलली नाही, की कळमेश्वरहून आणि काटोलहून बायका एसटीनं येऊ लागल्या. मांडवातले नवरदेव आता स्वतःच मनोहररावांना विचारत, की आमचे फोटो काढायला तुम्हाला वेळ आहे का.

पण त्या संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी मनोहररावांनी बायकोला गाठलं. सगळ्या शहराचं मत कळलं होतं. एकच राहिलं होतं. पिक्चर कसा वाटला, असं त्यांनी भीतभीत विचारलं.

अनुसयाबाईंनी जरा विचार केला.

“चांगला हाय जी,” त्या म्हणाल्या. “पण तुमचा आवाज मागच्या बायकाईले नाही पोचला. उद्या जरा जोरानं म्हणा.”