भिंतीमागची हवा

मुद्रितशोधकांच्या खोलीला लागूनच शेजारच्या शिवणवाल्या मावशींचं मशीन होतं. त्याच्या घरघरीत काना-मात्रा निसटतात, अशी मुद्रितशोधकांची तक्रार. गेल्या दोन पुस्तकांत चुका राहिल्या होत्या आणि छापखान्याच्या मालकांनी बजावलं होतं, हातातल्या कादंबरीतही राहिल्या तर पुढचं काम दुसऱ्याकडे.

त्यांनी सुताराला बोलावलं. तो म्हणाला, "आवाज फळी अडवत नाही साहेब, फळीमागे कोंडलेली हवा अडवते." भिंतीपासून दोन बोटं सोडून त्याने पातळ प्लायवूड ठोकलं. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं आणि खोली ढोलासारखी घुमू लागली. सुताराने कान लावला आणि गंभीरपणे निदान केलं: पोकळी अरुंद, फळी हलकी, म्हणून दोन्ही मिळून थरथरतात. मग वीतभर पोकळी आली, जाड दुहेरी फळ्या आल्या. टेबल आडवं मावेना, ते उभं लावलं. घरघर थांबली, तर दारातून स्वयंपाकघर ऐकू येऊ लागलं. दारही दुहेरी झालं, कडेने रबरी पट्टी बसली.

बायको दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. शेवटचं प्रकरण तपासायला ते सकाळी आत बसले. फोन मुद्दामच बाहेर ठेवला. दुपारी पाणी प्यायला उठले, तर दार रबरात घट्ट रुतलेलं. जोर लावला तशी मूठ हातात आली. हाका मारल्या, भिंत बडवली. सुताराचं काम चोख होतं. सहाला छापखान्याचा माणूस तपासलेली पानं न्यायला येणार होता.

पाचच्या सुमारास दार बाहेरून ढकललं गेलं. मावशी उभ्या होत्या, हातात शेजारी म्हणून त्यांच्याकडे ठेवलेली घराची किल्ली.

"चार दिवस तुमचा आवाज नाही," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बरं नाही की काय."

"माझा आवाज?"

"मोठ्याने वाचता ना तुम्ही. तेव्हा मी मशीनवर पाय हलका ठेवते."

मुद्रितशोधक बराच वेळ पाणीच पीत राहिले. मग मावशींनी संकोचत विचारलं, कादंबरीतल्या धाकटीचं पुढे काय झालं. त्यांनी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. मावशी चौकटीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. एका जागी त्यांनी डोळे उघडले.

"तिन्ही भाऊ तिला पोचवायला आले?"

"हो."

"अहो, मधला तर पाचव्या प्रकरणात बुडाला. त्या दिवशी मी एक बाही उलटी शिवली."

मुद्रितशोधकांनी पान पाहिलं. पानावर भाऊ तीनच होते.

सहाला आलेल्या माणसाला त्यांनी उद्या यायला सांगितलं, खोलीतली एकुलती एक खुर्ची मावशींना दिली आणि पहिलं पान काढलं.