दारावर डकवलेली विचारपूस

"कर्मचाऱ्यांची मनं? मोकळी करून देतो मॅडम! आठ दिवसांत, शंभर टक्के, सहीशिक्क्यानिशी!"

इंद्रकुमार बिसेन मुख्याधिकारी मॅडमसमोर असं छातीठोकपणे बोलले आणि तिथंच घोळाचा नारळ फुटला. नगरपंचायतीचं नाव सांगत नाही. गोंदिया जिल्ह्यातली आहे एवढं पुरे. नाव लिहिलं तर उद्या माझ्याकडेच खुलासा मागतील!

इंद्रकुमार तिथले आस्थापना लिपिक. रजा, बदल्या, नोटिसा सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. लोक त्यांना बिसेनबाबू म्हणत. वरून पत्र आलं होतं की कर्मचाऱ्यांच्या मनावर फार ताण असतो, तरी कार्यालयाने त्यांच्याशी आपुलकीने संवाद साधावा. मॅडम वयाने तरुण. त्यांना वाटलं, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन गोड ओळी टाकाव्यात.

"ग्रुपवर?" बाबू कळवळले. "ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं येतात मॅडम! जावक क्रमांक नसलेला कागद आपला माणूस वाचतच नाही. मी रीतसर लिहितो."

आणि लिहिलं! चोवीस वर्षं नोटिसा लिहून बाबूंचा हात घडलेला. प्रेमपत्र लिहायला बसले असते तरी त्यात 'उपरोक्त विषयान्वये' आलंच असतं. पत्र असं उतरलं :

"विषय : आपल्या मानसिक आरोग्याबाबत. उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की, कार्यालयास आपली काळजी आहे. चिडचिड होणे, झोप न लागणे, एकट्यानेच बडबडणे यांपैकी आपणास काय होते, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. मन मोकळे न केल्यास आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल, याची गंभीर नोंद घ्यावी."

वाचून बाबूंचे स्वतःचेच डोळे पाणावले. मॅडमनी साठ कागदांच्या चळतीत त्यावरही सही ठोकली.

पत्रं वाटली आणि ज्यांना झोप लागत होती त्यांचीही उडाली! नळ विभागातल्या दुर्गेश्वरीताईंनी लिहून दिलं, "मला चिडचिड होत नाही. झाली असल्यास माफी असावी." एक जण तर डॉक्टरचं सर्टिफिकेटच घेऊन आला. दोन दिवस कार्यालयात कोणी कोणावर ओरडलं नाही, कारण चिडचिड लक्षणांच्या यादीत पहिलीच होती. बाबूंना वाटलं, वा! काय शांतता नांदते आहे!

सत्तावन्नपैकी छप्पन्न खुलासे आले. राहिला एक, सुखराम लंजे. सुखराम म्हणजे गावातल्या नळांचे व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. कोहळी समाजातला पोरगा. आजे-पणजे तळी बांधणारे, म्हणून पाणी कुठून कुठं जातं हे त्याच्या अंगातच होतं. तो दोन दिवसांच्या रजेवर होता, कारण शुक्रवारी मुलीला, मंजूला, बघायला केशोरीहून पाहुणे यायचे होते. याआधी दोन सोयरिकी फिसकटल्या होत्या. ही तरी जमावी म्हणून बायको कुंदाबाई नवस बोलून बसली होती.

पण बाबूंना शंभर टक्के हवे होते. त्यांनी शुक्रवारी सकाळी शिपाई भोजराजला पिटाळलं, "घरी नेऊन दे आणि पोच आण."

भोजराज गेला तेव्हा घराला कुलूप. सगळे बाजारात गेलेले. आता भोजराजची हयात अतिक्रमणाच्या नोटिसा वाटण्यात गेलेली. मालक घरी नसला की काय करायचं हे त्याला झोपेतही ठाऊक! त्याने पिशवीतून खळ काढली, पत्र दारावर मधोमध चिकटवलं आणि शेजारची शामकला आणि समोरचा पानठेलेवाला अशा दोन पंचांच्या सह्या घेतल्या. 'घर बंद आढळल्याने मानसिक आरोग्य दारावर डकविले' अशी नोंद करून तो निघून गेला.

शामकलाने पत्र वाचलं, आणि तासाभरात अख्ख्या मोहल्ल्याला कळलं की सुखरामच्या डोक्याचा पंचनामा झाला.

बारा वाजता बाबूंचा फोन वाजला.

"बाबू, तुमी आत्ताच्या आत्ता या! मी पागल हाओ असं माह्या दारावर काऊन लावलं? पावने येऊन राहिले ना जी!"

बाबू खुर्चीतून ताडकन उठले. तरी सवयीने त्यांनी ऑफिसचा शिक्का खिशात टाकला, एक कोरं लेटरहेड घेतलं आणि गाडीला किक मारली.

सुखरामच्या दारात बघतात तो काय! सुखराम हातात विळा घेऊन दार खरवडतोय, अंगाला घाम फुटलाय आणि तोंडाने एकट्यानेच बडबडतोय. सरकारी खळ ती, ढिम्म हलेना! वरचा 'कार्यालयास आपली काळजी आहे' एवढाच भाग निघाला होता. लक्षणांची यादी जशीच्या तशी शाबूत. आणि त्याच वेळी पाहुण्यांची जीप येऊन उभी राहिली.

मुलाचे वडील बिसराम कापगते खाली उतरले. निवृत्त ग्रामसेवक, चेहरा कुलूप लावलेला. मागून त्यांच्या पत्नी निर्मलाबाई आणि मुलगा हिमांशु. तिघांनी आधी दार वाचलं, मग विळा पाहिला.

"हे का आहे जी?" बिसरामजींनी विचारलं.

सुखरामने विळा पाठीमागे लपवला. बाबू पुढे सरसावले.

"काही नाही जी, साधं पत्र आहे. आमच्या सत्तावन्नच्या सत्तावन्न लोकांना दिलं!"

"सत्तावन्नही?" निर्मलाबाई एक पाऊल मागे सरकल्या. "अख्खं ऑफिसच तसं आहे का बाप्पा?"

"तसं नाही! हवं तर आत्ता दाखला देतो." बाबूंनी गाडीच्या सीटवरच लेटरहेड टेकवलं. "प्रमाणित करण्यात येते की, श्री. सुखराम लंजे यांचे डोके कार्यालयीन अभिलेखानुसार ठीक आहे." धाडकन शिक्का!

बिसरामजींनी दाखला उलटसुलट करून पाहिला. "माह्यं डोकं ठीक आहे असा कागद माह्यापाशी नाही जी. हिमांशुपाशीही नाही. यांच्यापाशीच कायले लागते?"

झालं! बाबूंनी आगीत तेल ओतलं होतं आणि वर शिक्काही मारला होता. कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. सुखराम उंबऱ्यावर मटकन बसला. बाबूंना पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली, कारण तिसरी सोयरीक त्यांच्या जावक क्रमांकाने मोडत होती.

तेवढ्यात मंजूच बाहेर आली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत.

"काका, माह्या बाबाचं डोकं पाहाचं असन तर मले विचारा. पहाटे चार वाजता उठून गावाले पानी सोडते हा मानूस. एकोनीस वर्षांत एक दिवस नळ कोरडा नाही राहू देला. चिडचिड होते, होते ना! लोकं पानी आलं तं सांगत नाही, नाही आलं तं शिव्या देतात. कोनाची नाही होनार?"

बिसरामजींनी चष्मा लावला आणि दारावरचं पत्र ओळ न ओळ वाचलं, पार शिस्तभंगापर्यंत. मग हळूच म्हणाले,

"एकतीस वर्षं नोकरी केली जी. नोटिसा किती आल्या, गिनती नाही. पन 'झोप लागते का' असं एकाही साहेबानं विचारलं नाही." आणि सुखरामच्या शेजारी उंबऱ्यावर बसत म्हणाले, "मले तं चार साल लागलीच नाही."

मग जे बोलायला लागले, ते दीड तास! सरपंचांची भांडणं, रात्रंदिवसाचे अहवाल, बदलीच्या धमक्या. सुखराम 'हो ना जी, हो ना जी' करत त्यांच्या जवळ सरकला. पोहे थंड झाले. बाबूंनी सवयीने नोंद घ्यायला पेन काढलं, तर मंजूने ते हातातून काढून घेतलं आणि त्यांना पाणी भरायला पाठवलं.

निर्मलाबाई आ वासून बघत होत्या. "घरी मीठ पाहिजे का विचारलं तं मान हालवतात, आन इथं पाहा!" त्यांनी डोळे पुसले आणि मंजूला जवळ ओढलं. "जेथं आमचा मानूस बोलला, तेच घर पक्कं. काऊन रे हिमांशु?"

हिमांशु मघापासून मंजूकडेच बघत होता. त्याच्याकडे कोणी खुलासा मागितला नाही.

सोमवारी सुखरामचा खुलासा आला. "महोदय, पत्र येण्यापूर्वी माझे मन बरे होते. पत्र आल्यावर बिघडले. सोयरीक जमल्यावर पुन्हा बरे झाले. करिता यापुढे पत्र पाठवू नये, ही नम्र विनंती."

बाबूंनी तो वाचला, ओशाळून डोकं खाजवलं आणि छप्पन्न कागदांखाली लावून सगळी फाईल मॅडमकडे पाठवली. वर फक्त एवढंच लिहिलं, "सत्तावन्नपैकी सत्तावन्न खुलासे प्राप्त."

संध्याकाळी फाईल परत आली. आतला एकही कागद उलटलेला दिसत नव्हता. वर हिरव्या शाईत मॅडमचा शेरा होता,

"उत्कृष्ट! दरमहा पाठवावे."